घरी जमतं, तिथे का नाही?

"घरी सगळं जमतं हो, तिथे गेलं की हातपाय गळतात." मी समुपदेशक आहे, आणि गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी पाच जणांकडून ऐकलं. बारावीच्या मुलाची आई, नोकरीच्या मुलाखती देणारा एक तरुण, साठीनंतर गाण्याच्या परीक्षेला बसलेल्या एक आजी. प्रत्येकाला वाटतं, हे आपल्याच वाट्याला आलंय. म्हणून मेधाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मेधा ३७ वर्षांची. नवरा-बायकोचं मेडिकल दुकान, पाचवीतली मुलगी, घरात सासूबाई. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल हातात आली आणि नेमबाजीचं वेड लागलं. लग्न, बाळंतपण, दुकान यांत दहा-बारा वर्षं गेली. परत आली ती दहा मीटर एअर रायफलकडे, म्हणजे दहा मीटरवरच्या निशाणावर हवेच्या दाबाने छर्रा मारायचा प्रकार. तोवर नियमही बदलले होते. आधी स्पर्धेत बायकांना ४० शॉट असत, २०१८पासून पुरुषांइतकेच ६० झाले. "म्हणजे मला आता दीडपट घाबरायला मिळतं, मॅडम," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली. स्वतःवर हसू शकणारं माणूस समोर बसलं की माझं निम्मं काम झालेलं असतं.

तक्रार साधी होती. साठ शॉटचे मिळून गुण सरावात ६१८च्या आसपास, स्पर्धेत ६०४. मला यातलं काही कळत नव्हतं. तिनेच समजावलं की गुण दशांशात मोजतात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. मी मनातल्या मनात भागाकार केला. फरक १४ गुणांचा, म्हणजे शॉटमागे पाव गुणसुद्धा नाही. एवढ्यासाठी रडू येतं? हे अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. बावीस वर्षांनी एवढं तरी जमतं. आणि रडू काही त्या पाव गुणासाठी येत नसतं.

पहिली चूक माझीच. मी तिला दीर्घ श्वसन शिकवायला घेतलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, श्वास अर्धा सोडून तिथेच थांबवायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात." ते पान मी तिथेच मिटलं.

मग आला तो प्रश्न, जो सगळेच विचारतात: काही गोळी नाही का? मेधाने तो विचारलाच नाही, कारण उत्तर तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. छातीतली धडधड आणि हाताचा कंप कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं ती रोज डॉक्टरांची चिठ्ठी बघून काउंटरवरून देते. नेमबाजीत त्यांवर बंदी आहे, स्पर्धेच्या दिवशी आणि एरवीही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची पिस्तुलातली दोन पदकं याच औषधापायी गेली. "माझ्या मागच्या कपाटात पडलेली असते ती स्ट्रिप," ती म्हणाली, "आणि मला तिच्याकडे बघायचीसुद्धा सोय नाही." बाकीच्यांना सांगते, अशी गोळी शेजारणीकडून मागून मुलाला परीक्षेआधी देऊ नका. दमा असलेल्याला ती महागात पडू शकते. तो निर्णय डॉक्टरांचा.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत घरचं बाहेर आलं. रायफल अडीच लाखांची, दुकानाच्या पैशातून घेतलेली. जाकीट, पँट, बूट वेगळे. नवरा चकार शब्द बोलत नाही, आणि त्याचंच तिला ओझं. त्यात ऑगस्ट २०२४मध्ये कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि सासूबाई सोसायटीत सांगत सुटल्या, "आमची मेधापण तेच करते." तेच कुठलं! त्याचा प्रकार ५० मीटरचा, झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून. हिचा दहा मीटरचा, सगळा उभ्याने. पण हे कोणाकोणाला समजावणार? कौतुकाचाही धाक असतो.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर पोसलेली समुपदेशक आहे, लपवत नाही. माणसाला प्रसंग जेवढा घाबरवतो त्याहून त्या प्रसंगाबद्दलचा त्याचा हट्ट जास्त घाबरवतो, असं मी मानते. हा हट्ट ओळखायला मराठीत एक अक्षर पुरतं: च. चांगलं झालं पाहिजे म्हणणारा प्रयत्न करतो. चांगलं झालंच पाहिजे म्हणणारा थरथरतो. माझ्या खोलीत कोणी बोलायला लागलं की माझे कान त्या 'च'वर असतात.

मेधाचा 'च' मात्र खोलीत सापडेना. मी एका शनिवारी सकाळी तिच्या रेंजवर गेले.

दुकानात भराभर फिरणारी ही बाई त्या ताठ कॅनव्हासच्या जाकिटात आणि सपाट तळाच्या बुटांत बदकासारखी चालत होती. उभी राहिली, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, गाल रायफलला लावला, आणि एकदम सगळं शांत. समोरच्या निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेनने टेकवलेला टिंब. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा. म्हणजे दहासाठी मधल्या बिंदूपासून अडीच मिलिमीटरची सवलत.

एक शॉट झाला. पुढच्या वेळी रायफल उचलली, सात-आठ सेकंद गेले, आणि तिने न मारता खाली ठेवली. पाणी प्यायली, परत उचलली. मला चाळा म्हणून मी मोजायला लागले. पाऊण तासात चौदा वेळा तिने न मारता रायफल खाली घेतली.

नंतर चहा पिताना विचारलं.

"रायफल स्थिर होत नाही म्हणून खाली घेतेस?"

"स्थिर ती कधीच होत नाही मॅडम. नेम धरायच्या रिंगमध्ये निशाणाचा काळा गोल डुलतच असतो. छातीचे ठोकेसुद्धा दिसतात. डुलणं कमी झालं की ट्रिगर हळूच दाबत राहायचा. नाही झालं तर खाली."

"आणि मॅचमध्ये किती वेळा खाली घेतेस?"

"मॅचमध्ये? नाही, तिथे एकदा उचलली की मारतेच."

सापडला. मी कप खाली ठेवला.

"का गं?"

ती बराच वेळ गप्प होती. "मागे सगळे बसलेले असतात. सारखी खाली घेतली की कळतं ना, हिला जमत नाहीये."

"वेळ किती असतो?"

"७५ मिनिटं. माझे शॉट वीसेक मिनिटं आधीच संपतात."

इथे मी प्रवचन देऊ शकले असते, तोंडाशी आलंही होतं. पण तेवढ्यात तिच्या काउंटरची आठवण झाली.

"दुकानात डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर काय करतेस?"

"फोन करते दवाखान्यात."

"गिऱ्हाईक उभं असतं ना पुढ्यात? मागे रांग असते."

"असू दे की. थांबतील. अंदाजाने औषध कसं देणार?"

हे ती इतक्या सहज बोलली, आणि मग तिचा घोट घशातच राहिला. मी काही बोलले नाही. रेंजवरून एक-एक छर्रा लागल्याचा बारीक टक्-टक् आवाज येत होता. दोनेक मिनिटांनी ती स्वतःशीच म्हणाली, "आणि मी तिथे साठ वेळा अंदाजाने औषध देते."

प्रश्न माझा होता, याचा थोडा अभिमान मला आहे. पण उत्तर तिच्या काउंटरवर गेली नऊ वर्षं पडून होतं. हे मला अनेकदा दिसलंय. माणसाला जे जमत नाही असं वाटतं, ते तो दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत रोज बिनबोभाट करत असतो. आपण फक्त दोन खोल्यांमधलं दार उघडायचं.

घरचा अभ्यास म्हणून एकच गोष्ट दिली. पुढच्या तीन स्पर्धांत गुण लिहायचे नाहीत. रायफल किती वेळा खाली घेतली, तो आकडा फक्त लिहायचा आणि मला पाठवायचा.

आता ज्यांना हेच विचारायचं असतं त्यांच्यासाठी. हात थरथरू नये यासाठी झटू नका. थरथर राहणार, जिंकणाऱ्यांचीही राहते. आपण तिला घाबरून घाई करतो आणि नुकसान त्या घाईने होतं. बारावीच्या मुलाने अडलेलं गणित खूण करून सोडावं आणि शेवटी परत यावं, ही त्याची रायफल खाली ठेवण्याची रीत. मुलाखतीत प्रश्न ऐकून तीन सेकंद गप्प राहिलात तर समोरचे तुम्हाला विचारी समजतील. गाणाऱ्या आजींना मी म्हटलं, तानपुऱ्यात सूर मिळेपर्यंत तोंड उघडू नका, परीक्षक कुठे पळून जात नाहीत. आणि आयांनो, निघताना दारातून "घाबरू नकोस हं" म्हणू नका. त्यात घाबरायचं काहीतरी आहे ही बातमी तुम्हीच देता. डबा घेतलास का, एवढं विचारा. झोप उडाली, जेवण सुटलं, महिनोन्‌महिने असंच चाललं, तर मात्र माझ्यासारखीकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे या.

मेधाचा पहिला मेसेज आला: "४." दुसऱ्या स्पर्धेनंतर: "९. नवऱ्याला मागे बसवलं होतं." तिसरी बालेवाडीला होती. संध्याकाळी फोन वाजला तो तिचाच. "एकवीस! शेवटचा शॉट मारला तेव्हा दोनच मिनिटं उरली होती, मॅडम."

"वा! आणि स्कोअर किती झाला?"

पलीकडे क्षणभर शांतता, मग तिचं खळखळून हसू.

"मॅडम, तुम्हीसुद्धा?"