बाबांचं कपाट रद्दीत घालू नकोस

"मावशी, नाशिकचा गंगापूर रोडचा फ्लॅट विकतोय. आई आता कायमची टोरांटोला येईल. बाबांची चारशे पुस्तकं आहेत. रद्दीत द्यायचा धीर होत नाही. पण इथे ती वाचणार कोण? मुलगा बारा वर्षांचा आहे, मराठी बोलतो, वाचत नाही."

अगं, धीर होत नाही ना, मग देऊ नकोस. तीन आठवड्यांच्या रजेत आईवडिलांचं घर रिकामं करणं काय असतं, ते आपण सगळ्यांनीच भोगलंय. पण "वाचणार कोण" हे मला टोचलं. बारा वर्षांत तू त्याला किती वेळा वाचून दाखवलंस?

माझे सासरे गेले तेव्हा आम्ही मँचेस्टरहून फोनवरच सांगून मोकळे झालो, काढून टाका सगळं. पुढच्या फेरीत कपाटामागे घसरलेलं एकच पुस्तक सापडलं, 'विशाखा'. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा, मध्ये सिन्नर-नाशिक एसटीचं तिकीट. बाकी सगळं किलोच्या भावानं गेलं. ते अजून सलतं.

आता नाशिकला परतल्यावर मी लीड्सच्या नातीला रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं वाचून दाखवते. कुसुमाग्रजांची 'कणा' वाचली, त्यात गंगामाई घरी पाहुणी येते, तर ती म्हणाली, "आजी, गंगा तर उत्तरेत आहे ना?" दुसऱ्या दिवशी फोन घेऊन गोदाघाटावर गेले. आपण नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, हे सांगितलं, दुतोंड्या मारुती दाखवला, पुराचं पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून गाव पूर कसा मोजतं ते सांगितलं. त्या रात्री तिनं कविता परत वाचायला लावली. देवनागरी तिला तेव्हा येत नव्हती. आता अडखळत वाचते.

म्हणून अक्षरओळखीची वाट बघू नकोस, कान आधी तयार होऊ दे. आणि सुरुवात आपल्या गावच्या लेखकांपासून कर. मुलगा जरा मोठा झाला की विहितगावच्या बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' त्याच्यासोबत वाच. ते वाचून तो प्रश्न विचारेल. टाळू नकोस.

चारशेतली पंचवीस आईला निवडू दे, बाबांच्या खुणा असलेली आधी. बाकीच्यांची यादी करून नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचार, १८४० पासूनची संस्था आहे. न विचारता पोती नेऊन टाकू नकोस. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पुस्तकांनी भरलेल्या पेट्या नाशिकहून निघून दुबईपर्यंत गेल्या. तुमच्या टोरांटोच्या चार-पाच घरांत तशी एक पेटी फिरायला काय हरकत आहे?

भावाशी फ्लॅटच्या किमतीवरून वाजलंय म्हणतेस, त्यासाठी वकील गाठ.

पण आईला आजच फोन कर. तुझ्या मुलाला पहिलं काय वाचून दाखवणार, तेवढं तिला विचार. चष्मा शोधत ती उठेल बघ.