जाताना साडेपाच तास, येताना अख्खा दिवस?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेलो. मुंबईहून विमान पहाटे 2 ला सुटलं आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरलं. फेब्रुवारीत परतताना दुपारी 12 ला निघालो, ते दुसऱ्या दिवशी साडेबाराला मुंबईत. रस्ता तोच, मग असं कसं? आमचे हे म्हणतात, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत येतं; जाताना वेळ कमीच लागणार. आणि पश्चिमेला जायचं असताना पडद्यावरचं विमान उत्तरेकडे का निघालं होतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी घड्याळं जुळवून घेऊ. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तुमच्या साडेपाचात ते मिळवा : जाताना 16 तास. येतानाच्या साडेचोवीसातून वजा करा : 14 तास. म्हणजे खरा फरक दोनच तासांचा, आणि तोही यजमानांच्या म्हणण्याच्या अगदी उलट!

त्यांची शंका वर्गात मुलं मला दरवर्षी विचारायची. मुंबई तासाला सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते हे खरंच. पण हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेतच उडतं. धावत्या रेल्वेत समोरच्या बाकावर चिवड्याची पुडी फेकली तर ती मागच्या डब्यात जाऊन पडते का?

दोन तास खातो तो वारा. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात जास्तच. (जपानच्या वासाबुरो ओइशींनी 1920 च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, पण अहवाल छापला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत. वाचणार कोण!) विमानाचा वेग 900 धरा. वाटेत सरासरी 60 चा वारा समोरून आला तर उरले 840, पाठीशी असला तर 960. अंतर साडेबारा हजार. करा भागाकार : पावणेपंधरापेक्षा थोडं जास्त आणि तेरा. वरचा तास-सव्वा तास धावपट्टीची रांग, चढ-उतार आणि वळशांचा.

आता उत्तरेचं. भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. निवृत्त होताना शाळेने दिलेला पृथ्वीगोल माझ्या टेबलावर आहे, व्यास 30 सेंटीमीटर. त्यावर 1 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. तुमचं पत्र आल्यावर गोधडीचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. भरला साडेएकोणतीस. दोरा सिंधवरून अफगाणिस्तानात शिरला, अरल समुद्राच्या बाजूने वर चढत हेलसिंकीजवळ पोचला, आइसलंडवरून गेला आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक घासून खाली उतरला. लंडन बरंच खाली राहिलं. सर्वांत जवळची वाट हीच.

विमान मात्र दोऱ्यावरून जातंच असं नाही. जाताना वारा चुकवायचा, येताना गाठायचा, म्हणून वाट रोज बदलते. त्यातून एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपल्या कंपन्यांना दोऱ्याच्या पहिल्याच दोन-तीन सेंटीमीटरला वळसा पडला.

पुढच्या खेपेला पडद्यावर ‘जमिनीवरील वेग’ असा आकडा दिसेल. जाताना आणि येताना, दोन्ही वेळचा यजमानांना वहीत टिपायला सांगा. मलाही कळवा.