जगभरातले दुर्मीळ, दुर्लक्षित चित्रपट कसे शोधावेत?

तुमची अडचण अशी की ओटीटीवर फिरून फिरून तेच चित्रपट पुढे येतात, 'सर्वोत्तम शंभर' छापाच्या याद्याही पाहून संपल्या, आणि आता तुर्कस्तान, इराण, आफ्रिका इथलं कुणी फारसं न पाहिलेलं शोधायचं तर सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. शिवाय तुम्ही राहता पुण्यात. माझं सांगणं एकच आहे. चित्रपटांना गुण कोण देतं हे बघणं सोडा, चित्रपट जपतं कोण ते बघा.

जुना चित्रपट दुर्मीळ होतो तो वाईट असतो म्हणून नव्हे. निगेटिव्ह हरवते, प्रिंट सडते, सरकार बंदी घालतं. इराणच्या मोहम्मद रेझा अस्लानी यांच्या 'शतरंज-ए-बाद'चंच बघा ना. १९७६ साली तेहरानच्या महोत्सवात तो दाखवला गेला, क्रांतीनंतर त्यावर बंदी आली, आणि तो कायमचा गेला असंच सगळे धरून चालले. पुढे दिग्दर्शकांच्या मुलालाच तेहरानमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याची रिळं सापडली! २०२० मध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा जगापुढे आला. मेणबत्त्यांच्या उजेडातली ती हवेली बघताना मला सारखं वाटत होतं, हे आपल्याला कधीच दिसणार नव्हतं.

ही दुरुस्ती ज्यांनी केली त्यांच्याच मागे लागायचं. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २००७ मध्ये 'वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट' सुरू केला. त्यांनी वाचवलेल्या चित्रपटांची यादी हाच माझ्या मते सगळ्यात भरवशाचा रस्ता. सेनेगलचा 'तुकी बुकी' त्यात आहे, ब्राझीलचा १९३१चा 'लिमिते' आहे, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) शिकवून गेलेल्या ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटि नदीर नाम'सुद्धा आहे. इटलीत बोलोन्याला दर उन्हाळ्यात फक्त अशा शोधून काढलेल्या, दुरुस्त केलेल्या चित्रपटांचा महोत्सव भरतो, 'इल चिनेमा रित्रोवातो'. त्याचे कार्यक्रम नेटवर चाळा, वर्षभर पुरतील एवढी नावं मिळतील.

स्कॉर्सेसींच्या प्रकल्पाच्या यादीतला एकच बघायचा असेल तर मेतिन एर्कसान यांचा तुर्की 'सुसुझ याझ' बघा, १९६४ साली बर्लिनला 'गोल्डन बेअर' मिळालेला. उस्मान नावाच्या शेतकऱ्याच्या रानात झरा आहे. ऐन उन्हाळ्यात तो ठरवतो, पाणी माझ्या जमिनीत उगवतं, खालच्यांना का सोडू? तो पाणी अडवतो आणि खालची शेतं वाळायला लागतात. धाकटा भाऊ अडवू नको म्हणतो, पण थोरल्यापुढे त्याचं काही चालत नाही. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीत डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली-ऐकलीत, त्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. दाराशी उभा राहून पाण्याकडे बघणाऱ्या उस्मानच्या नजरेत जो हावरेपणा आहे, तो मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात इतका उघडा पाहिलेला नाही.

फुकटात बघायचं तर यूट्यूबवर कोरियन फिल्म अर्काइव्ह आणि रशियाचा जुना स्टुडिओ मोसफिल्म यांच्या स्वतःच्या वाहिन्या आहेत, बऱ्याच चित्रपटांना इंग्रजी सबटायटल्सही आहेत. टेलिग्रामवरच्या अंधुक प्रती मात्र टाळा, त्यात छायाचित्रकाराची सगळी मेहनत मातीत जाते. कोरियाच्या किम की-यंग यांच्या १९६०च्या 'हान्यो'मध्ये मध्येच चित्राचा दर्जा घसरलेला दिसतो, तिथे बंद करू नका. मूळ निगेटिव्हची दोन रिळं गहाळ होती. ती जिच्यातून घेतली त्या प्रतीवर हातानं लिहिलेली मोठाली इंग्रजी सबटायटल्स होती, आणि ती अक्षरं संगणकावर पुसून काढावी लागली. पडद्यावरचे ते डाग म्हणजे कुणाच्या तरी चिकाटीची खूण आहे.

आता पुणं. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी ते उभं केलं, फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळं मिळवून जपली. चांगला-वाईट असा भेद न करता प्रत्येक चित्रपट जपायचा, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो मला शंभर टक्के पटतो. कारण पन्नास वर्षांनी कशाची किंमत होईल हे आज कोण सांगणार? तिथल्या प्रेक्षागृहात फिल्म क्लबांचे खेळ होत आले आहेत, तेव्हा एखाद्या क्लबाचं सदस्यत्व घ्या. खेळ संपल्यावर बाहेर चहाला थांबणाऱ्यांत मिसळा. मला निम्मी नावं तिथेच कळली.

जानेवारीच्या आसपास 'पिफ', म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव येतो. सगळी गर्दी नव्या, बक्षीसवाल्या चित्रपटांना असते. तुम्ही वेळापत्रकात सिंहावलोकनाचा विभाग शोधा, ओळखीचं नाव नसलेला दिग्दर्शक निवडा आणि त्याचे जमतील तेवढे चित्रपट ओळीनं बघा. पहिला आवडला नाही तरी दुसऱ्याला जा.