तिसऱ्यांदा नीट, की संख्याशास्त्र?

भाऊ, नमस्कार. भुसावळहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. तिला पुढे कॅन्सर संशोधनात आकडेवारीचं काम करायचंय. तुम्ही म्हणता, कॉलेज सोड, तिसऱ्यांदा नीट दे, कारण तिची आजी कॅन्सरने गेली. आजीचं दुःख सगळ्या घराचं आहे. ते नवसासारखं लेकीकडून फेडून घेऊ नका. नीटचे दोन्ही वेळचे मार्क तुम्ही लिहिलेत, संख्याशास्त्रात तिला किती पडतात ते नाही. कधी विचारलंत का? मला खरी काळजी याची वाटते. जळगावला रोज अपडाउन करून ती मन लावून शिकतेय. कॉलेज अजिबात सोडायला लावू नका.

‘आकडेमोडीने कॅन्सर बरा होतो का?’ असं तुम्ही विचारता. औषधाने आयुष्य वाढलं की नाही, हे आकडेमोडीशिवाय कळतच नाही. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘लंग’ नावाचा खरा डेटा आहे: फुप्फुसाच्या कॅन्सरचे 228 रुग्ण. 165 मृत्यू, उरलेल्या 63 जणांची नोंद ते जिवंत असतानाच थांबलेली. नवखा माणूस हे 63 वगळतो आणि मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण जितक्या दिवसांत दगावले तो आकडा, काढतो: 226 दिवस. 1958 सालची कॅप्लान-मायर पद्धत त्यांनाही, जितके दिवस त्यांची नोंद आहे तितके दिवस, हिशेबात धरते. मग मध्यक येतो 310. चौऱ्याऐंशी दिवसांचा फरक! कोणतं उत्तर खरं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही, संख्याशास्त्र सांगतं.

म्हणूनच तुम्ही सुचवलेल्या सहा महिन्यांच्या बायोइन्फर्मॅटिक्स (जनुकांसारखा जैविक डेटा संगणकावर तपासणं) क्लासवर पैसे घालू नका. वीस हजार जनुकं 5 टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे संबंध नसतानाही शंभरात पाचदा ‘आहे’ म्हणणाऱ्या कसोटीवर, एकेक करून तपासली, तर कशाचाच संबंध नसतानाही हजारेक जनुकं निव्वळ योगायोगाने ‘सापडतात’. गाठीचे सगळे नमुने सोमवारी आणि निरोगी पेशींचे सगळे गुरुवारी मशीनवर चढवले, तर दिसणारा फरक कॅन्सरचा की वाराचा, हे नंतर कुणालाच सोडवता येत नाही. ही नजर यायला पाया पक्का लागतो.

परीक्षांचं म्हणाल तर आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्यासाठीच्या ‘जॅम’ परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्था) प्रवेश परीक्षा, नाहीतर जळगावच्या आपल्या विद्यापीठात एम.एस्सी.

येत्या रविवारी तिला लॅपटॉपवर ‘आर’ उतरवून घेऊ द्या, फुकट आहे. ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमधला ‘लंग’ उघडायचा. त्यात ‘स्टेटस’च्या रकान्यात 1 म्हणजे नोंद थांबलेली, 2 म्हणजे मृत्यू, पुष्कळ मुलं 1 लाच मृत्यू समजतात आणि जिवंत-मृतांची अदलाबदल होते. 226 आणि 310 हे दोन्ही आकडे तिने स्वतः काढावेत. तुम्ही शेजारी बसा आणि फरक का पडला, ते तिच्याकडून समजून घ्या.