सड्यावरचे व्यसनमुक्ती केंद्र : वाचकांच्या प्रश्नांना मनोविकारतज्ज्ञांची उत्तरे

गेले दोन महिने माझ्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी एकाच विषयावर आहेत. किनाऱ्यावरच्या एका गावाच्या सड्यावर व्यसनमुक्ती उपचार आणि न्यायालयाने पाठवलेल्या व्यसनी व्यक्तींचा सुधार अशा दुहेरी कामासाठी केंद्र उभारण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यावरून ग्रामसभेत दोन तट पडले आहेत. तेच ते प्रश्न पुनःपुन्हा येत असल्याने ते येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मुली त्याच पाखाडीने शाळेत जातात. बाहेरगावचे दारुडे आणि गर्दुल्ले आले, तर चोऱ्यामाऱ्या वाढणार नाहीत का?

केंद्रात दाखल झालेला माणूस प्यायलेला नसतो. प्यायलेला माणूस संध्याकाळी देशीच्या दुकानासमोर उभा असतो आणि मुली त्याही वाटेने जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचे आढळले होते. उरलेले ३७ कोठे असतात, हे आपल्या वाडीतील कोणतीही बाई सांगेल. तरीही वाटेबद्दलची आपली काळजी रास्त आहे. केंद्राचे प्रवेशद्वार पाखाडीकडे नसावे, मुख्य रस्त्याकडे असावे, अशी लेखी मागणी ग्रामसभेत जरूर करा.

प्रश्न : केंद्र आल्यावर जमिनीचे भाव पडतील का?

मी डॉक्टर आहे, जमिनीचा दलाल नव्हे. रत्नागिरी शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि विशेष कारागृहही आहे. त्यांच्यामुळे तिथल्या जागा पडून राहिल्याचे मला तरी दिसलेले नाही.

प्रश्न : ‘सुधार’ म्हणजे तुरुंगच ना? मग गुन्हेगार आणि आमच्या घरचे रुग्ण एकाच आवारात कसे?

अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिची संमती असल्यास, लगेच शिक्षा न देता सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. उपचारांचा अहवाल मात्र एका वर्षाच्या आत न्यायालयापुढे ठेवावा लागतो. मोठा साठा बाळगून धंदा करणाऱ्याला ही सवलत नाही. तेव्हा या वाटेने येणारा माणूसही रुग्णच असतो. दोन्ही गटांचे कक्ष वेगळे असावेत आणि पहारा फाटकाशी असावा, वॉर्डात नसावा, एवढे माझे मत आहे. कायद्याची नेमकी बाजू मात्र माझ्याऐवजी वकिलांना किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विचारावी.

प्रश्न : एवढा खर्च कशाला? चार दिवस खोलीत कोंडले की कोणाचीही उतरते. माझ्या काकांची तशीच सुटली.

आपल्या काकांचे दैव बलवत्तर. हा कोंडण्याचा सल्ला मी वीस वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यापायी गेलेली माणसेही पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करण्यासाठी सतत ताणलेला राहतो आणि दारू एकाएकी थांबली की तो ताण मोकाट सुटतो. पहिल्या काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होऊ लागतात, शुद्ध हरपते, ताप चढतो. १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या की असे रुग्ण माझ्याकडे हमखास येतात. एका खलाशाला घरच्यांनी पडवीतल्या खोलीत कोंडले होते. तिसऱ्या रात्री त्याला आणले तेव्हा तो खाटेवरच्या चादरीतून जाळे ओढत होता, न दिसणारी मासळी निवडून उशाशी टाकत होता आणि मधूनच कोणाला तरी ‘नांगर टाक रे’ म्हणून ओरडत होता. घरच्यांना ती करणी वाटली आणि त्यात एक अख्खा दिवस गेला. तो वाचला, पण थोडक्यात. अशा वेळी ग्लुकोजची बाटली लावा म्हणून घाई करणारेही भेटतात. ग्लुकोजच्या आधी थायमिनचे, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणूनच प्रस्तावातील ‘सुधार’ या शब्दाची मला धास्ती वाटते. कुलूप लावणे सोपे असते. रात्री दोन वाजता तेथे डॉक्टर असेल का, आणि अतिदक्षता विभागापर्यंत रुग्णवाहिका किती वेळात पोहोचेल, हे ग्रामसभेत एकानेही विचारल्याचे माझ्या कानावर नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणारे मनोविकारही मानसिक आजारांतच मोडतात. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे. विरोध किंवा पाठिंबा ठरवण्याआधी या गोष्टींची लेखी उत्तरे मागा. आणि घरात कोणाची दारू थांबवायची असेल, तर थांबवण्याआधी डॉक्टरांना भेटा, हात कापू लागल्यावर नव्हे.

प्रश्न : एसटी स्टँडवरच्या जाहिरातीत चहातून नकळत द्यायचे थेंब आहेत, ‘शंभर टक्के हमी’ आहे. नवऱ्याला देऊ का?

नाही. त्या बाटलीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हमी देणाऱ्याकडे एकदा पक्की पावती मागून पाहा. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, पण ते तपासण्या करून आणि रुग्णाला सांगूनच दिले जाते, कारण त्यावर दारू प्यायल्यास उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. थेंब आधीच दिले असतील तर बाटली घेऊन आजच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : केंद्र सुरू व्हायला दोन वर्षे लागतील म्हणतात. बावीस वर्षांचा मुलगा गांजा ओढतो आणि हल्ली रात्री भिंतीशी बोलतो. तोवर थांबावे का?

एक दिवसही थांबू नका. भिंतीशी बोलणे हे नुसत्या व्यसनापलीकडच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात त्याला घेऊन जा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही विनाशुल्क आहेत. तो येण्यास तयार नसेल, तर आधी आपण एकटे जा; एकट्याने येणाऱ्या आईवडिलांशीही आम्ही बोलतो.