हिरडीतून रक्त आलं होतं, आता काय?

प्रश्न : डॉक्टर, नाव छापू नका प्लीज. मी २६ वर्षांचा, चिंचवडला जॉब करतो. दोनेक महिन्यांपूर्वी एका मुलाला भेटलो, ॲपवर ओळख झालेली, फक्त ओरलच झालं, मी त्याला केलं आणि त्याने मला, कंडोम नव्हता पण तोंडात काही सोडलं नाही. घरी येऊन ब्रश केला तर हिरडीतून रक्त, तेव्हापासून डोकंच फिरलंय. त्याला विचारलं तर म्हणतो मी क्लीन आहे, पण रिपोर्ट काही दाखवत नाही. तिसऱ्या आठवड्यात घसा दुखला, कणकण आली, जीभ पांढरी दिसते, वजनही उतरलंय. सात आठवडे झाल्यावर लॅबमध्ये रक्त देऊन चौथ्या जनरेशनची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, पण सरकारी सेंटरमधल्या काउन्सेलर ताई म्हणाल्या तीन महिने झाले की परत या. म्हणजे त्यांना डाऊट आहे ना? घरी स्थळं बघणं चालू आहे, आई रोज नवीन फोटो दाखवते, रात्र रात्र झोप नाही. मला एचआयव्ही झाला असेल का?

उत्तर : नाही. हे आधी दोनदा वाच, मग पुढचं वाच.

आता का नाही ते सांगते. त्याने तुला केलं त्यात तर घाबरण्यासारखं काहीच नाही, कारण थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही, थुंकीत या व्हायरसला निकामी करणारे घटकच असतात. राहिलं तू त्याला केलंस ते. तिथे रिस्क अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही, तोंडात उघडी जखम असेल, वीर्य तोंडात गेलं असेल आणि समोरचा पॉझिटिव्ह असून औषध घेत नसेल, असं सगळं एकदम जुळून आलं तर थोडा धोका असतो. पण किती थोडा ते बघ. पॉझिटिव्ह आणि औषध न घेणाऱ्या पार्टनरबरोबर कंडोमशिवाय गुदमैथुन झालं तर आत घेणाऱ्याला लागण होण्याचा अंदाज दर १०,००० वेळांमागे १३८ असा धरतात, योनीसंभोगात बाईला ८, आणि ओरलला आकडाच देत नाहीत, नुसतं ‘कमी’ असं लिहून सोडून देतात. तुझ्या केसमध्ये वीर्यही तोंडात गेलेलं नाही. ब्रश करताना रक्त येणं हे हिरड्या सुजल्याचं लक्षण, डेंटिस्टकडे जा. (आणि ओरलच्या आधी घासूनपुसून ब्रश करायची सवय असेल तर ती सोड, त्यानेच हिरड्या सोलवटतात, त्यापेक्षा चूळ भर.)

काउन्सेलर ताईंना डाऊट वगैरे काही नाहीये बाबा. सरकारी सेंटरला जी झटपट किट वापरतात ती मुख्यतः अँटीबॉडी (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) बघतात, आणि त्या शरीरात तयार व्हायला काही जणांना तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून ताई येईल त्याला तीन महिने सांगतात. तुझी लॅबची टेस्ट अँटीबॉडीबरोबर व्हायरसचं पी-२४ नावाचं अँटिजेनही, म्हणजे व्हायरसचाच एक भाग, शोधते, ते लवकर सापडतं, म्हणून शिरेतून रक्त घेऊन केलेली ही टेस्ट ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली की फायनल धरतात. तुझे ४९ झाले होते. तरी मनाची समजूत म्हणून तीन महिन्यांची एक फुकटातली करून ये, पण ती शेवटची. त्यानंतर याच प्रसंगासाठी परत लॅबची पायरी चढायची नाही, नाहीतर रिपोर्ट आला की चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी ‘लॅबवाल्याने सॅम्पल बदललं असेल तर’ सुरू होतं. असे पेशंट माझ्याकडे भरपूर येतात, आणि गंमत म्हणजे खरी रिस्क घेतलेले लोक फिरकतही नाहीत.

घसा, कणकण, जीभ यांचं म्हणशील तर एचआयव्ही लक्षणांवरून ओळखताच येत नाही, आणि झोप नाही, जेवण नाही म्हटल्यावर वजन उतरणारच. टॉर्च लावून जिभेचे फोटो काढतोयस ना? ते आजपासून बंद.

ओरलमधून जे खरंच सहज होतं त्याबद्दल तू एक अक्षर विचारलं नाहीस. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया, हर्पिस, आणि एचपीव्ही, म्हणजे चामखीळ आणि काही कॅन्सरला कारण ठरणारा व्हायरस. घशातल्या परम्याला तर बऱ्याचदा लक्षणच नसतं. तेव्हा गरमीची रक्ततपासणी आणि घशाचा स्वॅब करून घे, सिफिलिस आणि गनोरिया दोन्ही वेळेत सापडले तर औषधाने पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसीचंही डॉक्टरांना विचार. पुढे कधी मोठी रिस्क झालीच, कंडोम फाटला वगैरे, तर महिनाभर झुरत बसू नकोस, ७२ तासांच्या आत, जमलं तर त्याच दिवशी, सरकारी हॉस्पिटलमध्ये जाऊन पेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायच्या गोळ्या मिळतील का विचार, २८ दिवसांचा कोर्स असतो. नुसत्या ओरलसाठी सहसा देत नाहीत.

आणि आईच्या फोटोंचं. तुला मुलगे आवडतात की दोन्ही, ते तुझं तू ठरव, पण एखाद्या मुलीला पसंत करून हा प्रश्न मिटेल असं वाटत असेल तर मिटणार नाही, उलट तिचंही आयुष्य त्यात ओढलं जाईल. निदान झोप लागायला लागेपर्यंत तरी ‘वर्षभर थांबा’ म्हणून सांग घरी.

प्रश्न : नवरा ट्रकवर असतो, त्याचं बाहेर काहीतरी आहे असं कळलंय. तो शपथेवर सांगतो की तिथे फक्त तोंडानेच झालं. मला टेस्ट करायचीय पण आमच्या ग्रामीण रुग्णालयात सगळे ओळखीचे, गावभर होईल. काय करू? (सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, शपथेवर जाऊ नका. तो खरं बोलत असेलही, पण टेस्ट दोघांनी करायची आणि रिपोर्ट येईपर्यंत कंडोमशिवाय संबंध ठेवायचा नाही. आपल्याच गावात करायला पाहिजे असं काही नाही, दुसऱ्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) जा, तिथेही फुकटच असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. जवळचं सेंटर कुठे ते १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर विचारा, टोल फ्री आहे. आणि दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर अजिबात थांबू नका, याच आठवड्यात जा, कारण आईला वेळेत औषध सुरू झालं तर बाळाला लागण होणं बहुतेक वेळा टळतं.