मालक कोठे गयात?

प्रश्न : ताई, चोपड्यात मी चार महिन्यांपूर्वी कटलरीचं दुकान टाकलं. उद्घाटनाला लिंबू रंगाची साडी नेसले होते, तेव्हापासून मैत्रिणी मला ‘बनवाबनवीतली मॅडम’ म्हणतात. मला राग येत नाही, कारण ती माधुरी मला लहानपणापासून आवडते. पण आमचे हे म्हणतात, त्या सिनेमात भाव खाल्ला तो लीलाबाई काळभोरांनी आणि साडी नेसलेल्या दोघा बाप्यांनी. तुझ्या मॅडमकडे त्या साडीशिवाय आहे काय? त्यांना काय उत्तर देऊ?
– एक दुकानदार वाचक, चोपडा

उत्तर : आधी दुकानासाठी मनापासून अभिनंदन. आणि तुमच्या यजमानांना सांगा, त्या मॅडमकडे दुकान आहे. मला तर ती त्याचसाठी आवडते.

‘अशी ही बनवाबनवी’ आला 1988 साली. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखणी वसंत सबनीसांची. राहायला जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका बनतात, ही त्याची गोष्ट. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आणि सचिनची सुधा पाहून आपण पोट धरून हसतो. नयनतारांच्या लीलाबाई तर आपल्याच गल्लीतल्या वाटतात. यात वाद नाही. पण अश्विनी भावेंच्या माधुरीकडे एकदा दुकानदाराच्या नजरेनं बघा. अशोक सराफांचा धनंजय माने घरमालकाला गुंडाळतो, मित्रांना नाचवतो, आणि तोच माणूस दुकानात आला की ‘मॅडम, मॅडम’ करतो. सौंदर्यप्रसाधनांचं दुकान तिचं, नोकर तो. सिनेमा मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही, पण बाई दुकान चालवते यावरचा एकही विनोद मला त्यात सापडलेला नाही. बाप्या साडी नेसतो ते हसण्यासारखं, बाई मालकीण असते ते मात्र साधं, रोजचं. त्या काळच्या विनोदी सिनेमात हे फार मोठं होतं असं मी मानते.

मोठं का, ते मला घरात दिसलं. माझ्या आईचं अमळनेरला कटलरीचं दुकान होतं. आठ बाय दहाचा गाळा. टिकल्यांची पाकिटं दोरीला टांगलेली, काजळाच्या डब्या, रबरं, पिना, नेलपॉलिशच्या बाटल्या काचेखाली मांडलेल्या. माल आणायला ती पहाटेच्या एसटीनं जळगावला फुले मार्केटात जायची आणि दुपारी दोन पिशव्या दोन्ही हातांत घेऊन परत यायची. पट्ट्यांचे वळ संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांवर दिसायचे. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की बोरीच्या पात्रात आमची पाल लागायची. वरून ऊन, खाली तापलेली वाळू, आणि आई बांगड्यांच्या तोड्यांमध्ये बसलेली. गिऱ्हाईक यायचं, माल बघायचं, भाव विचारायचं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणायचं, “मालक कोठे गयात?”

आई म्हणायची, “मीच शे मालक.”

दिवसातून किती वेळा! माल देणारे व्यापारीसुद्धा उधारीचं बोलायला वडिलांना बोलवा म्हणायचे. वडिलांना नेलपॉलिशच्या बाटलीची खरेदी किंमतही ठाऊक नसायची.

हा सिनेमा आम्ही पाहिला तो गल्लीत वर्गणी काढून आणलेल्या व्हीसीआरवर. ओट्यावर टीव्ही, खाली सतरंज्या. “हा माझा बायको पार्वती” आलं आणि सगळी गल्ली लोळायला लागली. आईही हसत होती. माधुरीचं दुकान पडद्यावर आलं तशी ती सरसावून बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “गल्लावर कोन बठेल शे, देख.” पुढं त्या साडीकडे आमच्या बायका बघत होत्या, आई मागच्या फळ्या बघत होती. माल कसा लावलाय, बाटल्या पुढं की मागं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर तिनं नेलपॉलिशच्या बाटल्या काचेखालून काढून नजरेच्या उंचीवर, दारातून दिसतील अशा लावल्या. लाल पुढे, गुलाबी त्यामागे.

साडीचं म्हणाल तर तिलाही मी कमी लेखत नाही. ‘लिंबू कलर’ हा शब्द आमच्याकडे कापड दुकानात आजही याच सिनेमाच्या आठवणीनं उच्चारला जातो. अश्विनी भावेंनी पुढे ‘हिना’सारखा मोठा हिंदी सिनेमा केला, तरी आपल्याकडच्या बायकांना त्या आठवतात त्या याच रंगात. पण ती साडी शोभली ती दुकानात ज्या हक्कानं ती वावरते त्यामुळे. तीच साडी नेसून ती नुसती कुणाच्या मागं झाडाभोवती फिरली असती, तर इतकी वर्षं कोणी नाव काढलं नसतं. ‘हृदयी वसंत फुलताना’मध्ये चारही जोड्या आहेत, गाणं गोडच आहे, पण माधुरी मला तिथे बाकीच्या तिघींसारखीच वाटते. दुकानात ती एकटी वेगळी असते.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या दुकानाच्या पाटीवर नाव कुणाचं आहे? आमच्या पाटीवर वडिलांचं होतं. आईनं ती अकरा वर्षांनी बदलली. रंगाऱ्याला पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं काढायला सांगितली आणि तो काम करत असताना शिडी स्वतः धरून उभी राहिली.